'…इयम नायट्रेट': रसायन कपाटातल्या दोन बाटल्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भातलं एक अनुदानित कॉलेज, तालुक्याच्या गावचं. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. बाकी घडलं तसं लिहिते आहे. मार्च २०१८ चा महिना होता. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आलेली, त्यामुळे वर्षानुवर्षं न हललेली कपाटं हलवायची वेळ आली. रसायनशास्त्र विभागाच्या निर्लेखन समितीवर, म्हणजे निरुपयोगी सामान नोंदीतून काढून टाकणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून मला बोलावलं होतं. काम साधं वाटत होतं: डेड स्टॉक रजिस्टर उघडायचं, बाटली दिसली की टिक करायची, मुदत संपलेलं वेगळं काढायचं, सह्या करायच्या आणि चहा घेऊन दुपारच्या एसटीने परतायचं.

रजिस्टरात १९७४ सालच्या दोन नोंदी होत्या: युरेनिल नायट्रेट १०० ग्रॅम आणि थोरियम नायट्रेट १०० ग्रॅम. एक युरेनियमचं मीठ (म्हणजे क्षार), दुसरं थोरियमचं, दोन्ही किरणोत्सर्गी. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी ही रसायनं उगाच मागवली नव्हती. यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात. त्या काळी फ्लोराइड मोजायची एक खात्रीची रीत म्हणजे थोरियम नायट्रेटचं अनुमापन. पाण्यात अलिझरिन हे रंग बदलणारं सूचक टाकायचं आणि ब्युरेटमधून थोरियम सोडत जायचं. फ्लोराइड शिल्लक असेपर्यंत ते थोरियमला धरून ठेवतं. ते संपलं की पहिला मोकळा थोरियम अलिझरिनला भेटतो आणि फ्लास्क गुलाबी होतो. सरांनी आसपासच्या गावांतलं पाणी आणून मुलांकडून हे करवून घेतलं होतं. युरेनिल नायट्रेट फॉस्फेटच्या अनुमापनासाठी. पुढे सोप्या पद्धती आल्या, सर निवृत्त झाले आणि बाटल्या मागच्या रांगेत गेल्या.

अडचण

युरेनियमची बाटली लगेच सापडली. लिंबासारखा पिवळा, किंचित हिरवट झाक असलेला रंग दुसऱ्या कुठल्या मिठाला नसतो. पण झाकणाला भेग गेली होती आणि आट्यांवर पिवळी पापडी धरली होती. खाली रॅकच्या पत्र्यावर बाटलीच्या बुडाएवढं गंजाचं कडं पडलं होतं. हे मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं आणि ओलं झालं की चांगलंच आम्ल असतं, पत्रा खातं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तेच पाणी सोडून देतं. चव्वेचाळीस वर्षं ओढ-सोड चाललेली. आत स्फटिक म्हणावेत असे उरलेच नव्हते, एक घट्ट ढेप होती.

थोरियमची बाटली मात्र मिळेना. कपाट दोनदा पालथं घातलं. शेवटी परिचर भाऊ दुसऱ्या खोलीतून एक पांढऱ्या खड्यांची बाटली घेऊन आले. लेबल ओल आणि आम्लाने खाल्लेलं. इंग्रजी अक्षरांतलं शेवटचं '…इयम नायट्रेट' तेवढं वाचता येत होतं.

"मॅडम, हे बेरियमच असन. म्या त दोन वर्षांपासून याले गुणात्मकच्या रॅकवर ठेवलं आहे."

गुणात्मक म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना अनोळखी मीठ ओळखायला देतात तो रॅक. सोडियम, पोटॅशियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, थोरियम, सगळ्यांचं शेपूट एकच. बेरियम नायट्रेट पांढरं, थोरियम नायट्रेटही पांढरं. सुदैवाने गेल्या दोन वर्षांत बेरियमची दुसरी बाटली पुरली होती आणि हिला हात लागला नव्हता. भाऊंनी हे सांगितलं तेव्हा विभागप्रमुख टेबलाला टेकून उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुपारपर्यंत 'युरेनियम सापडलं' ही बातमी कॅन्टीनपर्यंत गेली. पिवळ्या बाटलीपासून लोक दहा फूट लांब उभे आणि पांढरी बाटली त्यांच्याच मधोमध टेबलावर.

ओळख कशी पटवली

इथे पहिला निर्णय होता. बाटली उघडून चिमूटभर घ्यायची आणि परीक्षानळीत बघायचं, की न उघडता काही करता येतं का ते पाहायचं? रसायनवाल्यांचा हात सवयीने परीक्षानळीकडे जातो. माझाही गेला. बेरियम असेल तर विरल सल्फ्यूरिक आम्लाने लगेच पांढरा साका येतो. थोरियम असेल तर आम्लातसुद्धा ऑक्झॅलिक आम्लाने जड साका बसतो. पाच मिनिटांचं काम.

भौतिकशास्त्राच्या सरांनी अडवलं. त्यांच्याकडे प्रात्यक्षिकाचा जी.एम. काउंटर होता, किरणोत्सर्ग टिकटिक करून मोजणारा. तो आणून आधी रिकाम्या टेबलावर लावला, मधूनच एखादी टिक. पांढऱ्या बाटलीजवळ नळी नेली आणि टिकटिक एकमेकींत मिसळून गेली. बेरियम असं कधीच बोलत नाही. प्रश्न तिथेच मिटला, झाकण न काढता.

मग सरांनी आणखी एक गोष्ट केली आणि ती या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते. दोन्ही बाटल्या आळीपाळीने नळीसमोर ठेवून मध्ये लोखंडी पत्रे सरकवले. पिवळ्या बाटलीचा आवाज दोन-तीन पत्र्यांतच ओसरला. पांढऱ्या बाटलीचा कमी झाला, पण थांबला नाही.

यामागचं कारण रसायनातच आहे. युरेनियम-२३८ स्वतः अल्फा कण सोडतो, ते काचेच्या आतच अडकतात. बाटलीबाहेर येतात ते त्याच्या लगेचच्या वंशजांचे, म्हणजे त्याच्या विघटनातून बनणाऱ्या पुढच्या मूलद्रव्यांचे, बीटा कण, त्यांना थोडं लोखंड पुरतं. पुढची साखळी रेडियम, रेडॉनपर्यंत जाते खरी, पण वाटेत युरेनियम-२३४ आणि थोरियम-२३० यांची अनुक्रमे सुमारे अडीच लाख आणि पाऊण लाख वर्षांची अर्धायुष्यं (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) आडवी येतात. कारखान्यात शुद्ध केलेल्या युरेनियमच्या बाटलीत चव्वेचाळीस वर्षांत रेडियम जमतच नाही म्हटलं तरी चालेल.

थोरियमचं तसं नाही. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य १,४०५ कोटी वर्षं, म्हणजे तो स्वतः युरेनियमपेक्षाही संथ. पण त्याच्या वंशावळीत इतका लांब थांबा कुठेच नाही. रेडियम-२२८ चं अर्धायुष्य पावणेसहा वर्षं, थोरियम-२२८ चं १.९ वर्षं, त्यापुढचे दिवसांत, तासांत, मिनिटांत मोजायचे. शेवटाकडे थॅलियम-२०८ येतो आणि २.६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतो. त्याला पत्रा म्हणजे काहीच नाही. गंमत म्हणजे नवीन शुद्ध केलेलं थोरियम नायट्रेट पहिली चार-पाच वर्षं शांत होत जातं. शुद्धीकरणात रेडियम निघून गेलेलं असतं, त्यामुळे थोरियम-२२८ ला पुरवठा तुटतो आणि त्याची सक्रियता निम्म्याच्याही खाली उतरते. मग रेडियम पुन्हा भरत येतं आणि सगळी साखळी वर चढते. तीस-चाळीस वर्षांत ती जवळजवळ पूर्ण भरते. आमच्या समितीच्या छापील तक्त्यात 'मुदत संपल्याने निरुपयोगी' असा एक रकाना होता. ही बाटली जुनी होत होती तशी तेज होत होती. तो रकाना मी कोरा सोडला.

काउंटरने आणखी एक सांगितलं. थोरियमच्या साखळीत थोरॉन नावाचा वायू आहे. त्याचं अर्धायुष्य ५६ सेकंदांच्या आसपास, पण सैल झाकणातून निसटायला तेवढे पुरतात. म्हणून बाटली उघडायचीच झाली तर धुराड्याच्या कपाटात, पंखा चालू ठेवून. मी ती टेबलावर, नाकासमोर उघडणार होते.

धोका किती होता याचा अंदाज हवा म्हणून सांगते: मीटरभर अंतरावर दोन्ही बाटल्या मिळून आपल्या भोवतीच्या नेहमीच्या नैसर्गिक किरणोत्सर्गात फार भर घालत नव्हत्या. बाटलीपासून पळायचं कारण नव्हतं. बाटलीतलं पोटात किंवा छातीत जाणं, हा खरा धोका. युरेनियमची विद्राव्य मिठं मूत्रपिंडाला विषारी आहेत, किरणोत्सर्ग बाजूला ठेवला तरी.

कोणते पर्याय पुढे आले

पहिला प्रस्ताव ऑफिसकडून आला आणि तो फार साधा होता: पाण्यात विरघळतं ना, मग सिंकमध्ये भरपूर पाणी सोडून ओतून द्या. आजवर मुदतबाह्य मिठांचं बहुतेक हेच झालं होतं. यावर मी फळ्यावर हिशेब मांडला. रजिस्टरातल्या वापराच्या नोंदी वजा करता युरेनिल नायट्रेट ६२ ग्रॅम उरायला हवं. सहा पाण्याच्या रेणूंसकट या मिठात ४७.४ टक्के युरेनियम असतं, म्हणजे साधारण २९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम. २९ ग्रॅम म्हणजे जवळजवळ १० लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्याइतकं युरेनियम. प्रयोगशाळेचं सांडपाणी शोषखड्ड्यात जातं आणि कॉलेजची बोअर तिथून फार लांब नाही. वर आमच्याकडचं पाणी बायकार्बोनेटने भरलेलं. कार्बोनेट युरेनिलला तिन्ही बाजूंनी धरतो आणि तो संयुक्त आयन मातीला न चिकटता पाण्याबरोबर चालत राहतो.

थोरियम याच्या अगदी उलट वागतं. आम्ल जरा उतरलं की त्याचा हायड्रॉक्साइड बसतो, म्हणजे ते सिंकच्या खालच्या वळणातच साचलं असतं, पुढच्या प्लंबरची वाट बघत. दोन्ही नायट्रेट, दोन्ही पाण्यात सुरेख विरघळणारी, पण सिंकपाशी दोघांच्या वाटा वेगळ्या. प्राचार्यांना बाकी रसायनात रस नव्हता. बोअरचं नाव निघालं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले.

दुसरा प्रस्ताव आमच्याच एका तरुण सहकाऱ्याचा. अमोनिया घालून युरेनियमचा पिवळा साका पाडायचा, गाळून वाळवून छोट्या डबीत ठेवायचा, आकारमान कमी होईल. रसायन अगदी बरोबर, युरेनियमच्या गिरण्यांत असंच काहीसं करतात. पण ढेपेची भुकटी करायची आपणच आणि मग ती वाळवताना उडायला मोकळी? शिवाय गाळणकागद, हातमोजे, धुवण, सगळंच नव्याने कचऱ्यात भर. परवानगी नसताना अशा पदार्थावर प्रक्रिया करणं हा भाग वेगळाच. नको म्हटलं.

भंगारात द्यायचं कुणीतरी हळूच सुचवलं. यावर चर्चाच झाली नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाने लिलावात काढलेलं कोबाल्टचं यंत्र भंगारवाल्यांकडे गेलं आणि एकाचा जीव गेला, हे सगळ्यांच्या लक्षात होतं. आपलं प्रकरण त्याच्या हजारांश भागाचंही नव्हतं, पण वाट तीच.

चौथा पर्याय मोहाचा होता. भौतिकच्या सरांना पांढरी बाटली हवी होती. इतका चांगला शिकवायचा स्रोत पुन्हा कुठून मिळणार? मला त्यांचं पटतही होतं. पण सैल झाकणाची, वजन नक्की न कळणारी, विद्राव्य मिठाची बाटली हा शिकवायचा स्रोत नव्हे. त्यासाठी बंदिस्त चकत्या मिळतात.

उरलं ते नियामकाला कळवणं. युरेनियम आणि थोरियम हे तेव्हाच्या अणुऊर्जा कायद्याखालचे विहित, म्हणजे सरकारी नियंत्रणातले पदार्थ, नियमन अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, मुंबईत अणुशक्तीनगरला. विरोध होता तो एकाच गोष्टीला: 'इतकी वर्षं का नाही कळवलं' असं विचारतील, आणि तेही नॅकच्या तोंडावर. हा वाद दोन दिवस चालला. शेवटी प्राचार्यांनीच पत्र लिहायला घेतलं. ते म्हणाले, "रजिस्टरात चव्वेचाळीस वर्षं लिहिलेलंच आहे ना? आपण लपवलं कुठे? विसरलो."

काय केलं

पत्राचं उत्तर येईपर्यंत थांबायचं नव्हतं, सांडलेलं आधी आवरायचं होतं. युरेनियमने इथे मदत केली. खोलीत अंधार करून क्रोमॅटोग्राफीचा अतिनील दिवा फिरवला तर युरेनिल मीठ हिरवं चमकतं. रॅकच्या कडेला ठिपके दिसले, ते अपेक्षित होते. कपाटाच्या मुठीवर दिसले. आणि समोरच्या टेबलावरच्या तराजूच्या पाळीवर एक हिरवी रेघ दिसली. तो तराजू रोज मुलं वापरत होती. थोरियम चमकत नाही, त्याच्यासाठी काउंटरची नळी इंच-इंच फिरवावी लागली. गुणात्मकच्या रॅकवर एक जागा सोडून काही मिळालं नाही.

झाडू, ब्रश, फुंकर, सगळं बंद. ओल्या कागदाने पुसायचं, एक कागद एकदाच, दुमडून आत घालायचा. नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क. इथेच आमची एक चूक उघडी पडली. आम्ही येण्याआधी भाऊंनी सवयीने बाटली सुती फडक्याने पुसून फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. नायट्रेट भिनलेलं कापड वाळलं की भुरभुर पेटतं, आणि मागच्या आवारात कचरा रोज संध्याकाळी जाळतात. साडेचार वाजले होते. भाऊ धावत गेले आणि डबा घेऊन आले.

त्याच कपाटात वरच्या फळीवर ईथरचा अर्धा भरलेला जुना डबा होता. जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड साचतात, आणि युरेनिल नायट्रेट ईथरमध्ये विरघळतं. ते द्रावण उन्हात फुटल्याच्या नोंदी रसायनाच्या ग्रंथांत आहेत. मधली फळी सलग पत्र्याची होती म्हणून एकातलं दुसऱ्यात पडलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या खोलीत सर्वांत धोकादायक वस्तू तो डबा होता आणि त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं. त्याचं झाकण न फिरवता तो आधी बाहेर, सावलीत, वेगळा ठेवला. त्याची विल्हेवाट हे स्वतंत्र प्रकरण आहे.

दोन्ही बाटल्या दुहेरी पिशवीत, मग जाड झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, बरणी ट्रेमध्ये. पुसलेले कागद आणि ते फडकं ओलसरच, वेगळ्या बंद बरणीत. सगळं वर्दळीपासून लांबच्या, कुलूपबंद लोखंडी कपाटात. वर पिवळ्यावर काळं चिन्ह, आत काय आहे ते मराठीत, दोन फोन नंबर. किल्ली एकाच माणसाकडे, उघडलं की वहीत नोंद.

पत्रात वजन लिहायचं होतं, तिथे अडलो. तशीच रिकामी बाटली मिळाली, ती वजा करून युरेनियमचं मीठ ५७ ग्रॅम भरलं. रजिस्टरात ६२. पाच ग्रॅम युरेनियम गेलं कुठे, असं लेखापालांनी विचारलं. थोडं पापडी होऊन सांडलं हे खरं, पण एवढं नाही. मार्चच्या कोरड्या हवेत मिठाने पाणी सोडलं होतं. सहाऐवजी सरासरी चारच्या आसपास रेणू उरले तरी वजन तेवढं उतरतं, आणि युरेनियम जागेवरच असतं. आम्ही दोन्ही आकडे दिले आणि युरेनियम 'जास्तीत जास्त २९ ग्रॅम' असं लिहिलं. पांढऱ्या बाटलीत साधारण ७० ग्रॅम मीठ, त्यात २८ ग्रॅम थोरियम.

भाऊंची रक्त-लघवीची तपासणी करून घेतली, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक आलं. ही तपासणी त्यांनी मागेपर्यंत आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती.

निष्पत्ती

नॅकची भेट पार पडली. समितीने बंद कपाटावरचं चिन्ह पाहिलं, वही पाहिली, एक प्रश्न विचारला आणि पुढे गेली. ज्याच्यासाठी दोन दिवस वाद घातला ते तीन मिनिटांत आटपलं. पत्रव्यवहार मात्र लांबला. कुठल्या नमुन्यात माहिती द्यायची, जबाबदार व्यक्ती कोण, वाहतूक कशी, असं एकेक होत होत माल अधिकृत मार्गाने कॉलेजबाहेर जायला सव्वा वर्ष लागलं. तेवढे दिवस कपाट कुलूपबंद राहिलं, आणि भाऊ दर सोमवारी बाहेरून काउंटर लावून वहीत आकडा लिहीत राहिले.

पुन्हा करायचं झालं तर

काउंटर पहिल्या तासाला आणेन, बातमी कॅन्टीनमध्ये जायच्या आधी. शेजारचा विभाग, चाळीस पावलं अंतर, आणि आम्ही अर्धा दिवस रंगावरून धोका ठरवत बसलो. तराजू त्या दिवशीच बंद करायला हवा होता. आम्ही तो पुसून, दिव्याखाली तपासून दुसऱ्या दिवशी चालू केला आणि दोन दिवसांनी त्याच्या पायाखाली आणखी एक ठिपका सापडला. आणि बाटल्या हलवायच्या आधी परिचरांशी बोलेन. कुठली बाटली कुठून कुठे गेली हे रजिस्टरला माहीत नव्हतं, भाऊंना माहीत होतं. पांढरी बाटली बेरियमच्या रांगेत त्यांनी ठेवली खरी, पण ती सापडलीही त्यांच्यामुळेच.

एका गोष्टीवर अजून माझं ठरत नाही. प्राचार्यांनी विद्यार्थ्यांना काहीच सांगितलं नाही, घबराट होईल म्हणून. मी सांगितलं असतं. तराजूवर हात त्यांचे होते.

शेवटच्या दिवशी मी निघाले तेव्हा भाऊ गेटपाशी थांबले होते. खिशातून एक काडेपेटी काढली, आत कागदात गुंडाळलेली गॅसबत्तीची दोन जुनी मँटलं. त्यांच्या वडिलांचा वरातीला बत्त्या भाड्याने द्यायचा धंदा होता. मँटलचं कापड थोरियम नायट्रेटच्या द्रावणात बुडवून बनवत. पहिल्यांदा पेटवलं की कापड जळतं, नायट्रेट जातं, आणि पांढऱ्या ऑक्साइडची जाळी लख्ख उजळते. केरळच्या मोनाझाइट वाळूतलं थोरियम याच कामासाठी १९५५ पासून ट्रॉम्बेच्या कारखान्यात शुद्ध होत असे. आम्ही परत प्रयोगशाळेत गेलो. नळी काडेपेटीजवळ नेली आणि टिकटिक सुरू झाली.

भाऊ थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, आता याले कोणत्या रजिस्टरात चढवू?"